उलांडी नेहमी वाऱ्याकडे : कॅरोलाईन बेटांची शिडाची होडी

(दृश्य : प्रवाळबेटाच्या आतलं उथळ, हिरवट पाणी. एक शिडाची होडी डावीकडून उजवीकडे जाते. थांबते. वळत नाही, आणि उजवीकडून डावीकडे जाऊ लागते.)

या होडीला कायमचं पुढचं टोक नाही. आत्ता जे टोक लाटा कापत चाललंय, तेच थोड्या वेळाने मागे असेल आणि सुकाणूचं वल्हं तिथे धरलेलं असेल. मधल्या वेळात होडी गोल फिरलेली नसेल. फक्त शिडाचा एक कोपरा या टोकावरून त्या टोकाला गेलेला असेल.

ही पश्चिम प्रशांत महासागरातल्या कॅरोलाईन बेटांची होडी. सातावाल, पोलोवात, लामोत्रेक अशी नावं असलेली ही बेटं मायक्रोनेशियात येतात. सातावाल तर दीड चौरस किलोमीटरहूनही लहान आहे. आजूबाजूला शेकडो किलोमीटर नुसतं पाणी, आणि ते ओलांडायचं साधन म्हणून इथल्या माणसांनी घडवलेली ही होडी. स्थानिक बोलीत तिला ‘वा’ म्हणतात.

होडीच्या एका बाजूला दोन आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांच्या टोकाला एक तरंगता ओंडका बांधलेला दिसतो. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या प्रेक्षकांना तो नवा नाही. आपल्याकडे त्याला उलांडी म्हणतात आणि अरुंद होडी कलंडू नये म्हणून ती बांधतात. या निवेदनात आपणही उलांडी हाच शब्द वापरणार आहोत.

पण कॅरोलाईन बेटांवर उलांडीबाबत एक नियम आहे, आणि ही सगळी होडी त्या एका नियमातून जन्माला आली आहे. उलांडी नेहमी वाऱ्याकडच्या बाजूला राहिली पाहिजे.

(दृश्य : होडी समोरून. वारा उलांडीच्या बाजूने. ओंडका पाण्यावरून वीतभर उचलला जातो, पुन्हा टेकतो.)

शिडात वारा भरला की होडी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला झुकू पाहते. उलांडी वाऱ्याकडे असेल, तर झुकताना ती पाण्यातून वर उचलली जाते. म्हणजे इथे उलांडी तरंगण्यासाठी नाही, वजनासाठी आहे. ती वर येऊ लागली की तिचं वजन होडीला परत खाली खेचतं. आणि ती जितकी हलकेच पाण्याला टेकते, तितकं तिचं पाण्याशी घर्षण कमी. चांगला नाखवा उलांडी जेमतेम पाण्याला शिवत राहील अशी होडी चालवतो.

वारा वाढला की माणसं उलांडीकडच्या फळ्यांवर सरकतात. हिशेब सोपा आहे. ६० किलोचा माणूस होडीच्या मध्यापासून २ मीटर बाहेर बसला, तर त्याचा परिणाम ३ मीटरवरची उलांडी ४० किलोंनी जड केल्याइतका होतो. वारा पडला की तोच माणूस परत आत येतो आणि होडी पुन्हा हलकी. जड उलांडी बांधली असती तर तिचं ओझं मंद वाऱ्यातही वाहावं लागलं असतं. म्हणून उलांडी बेताची ठेवायची आणि बाकीचं वजन माणसांनी हलून भरून काढायचं.

उलांडी उलट बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या पलीकडे गेली, तर काय होईल? मग होडी झुकते तशी उलांडी पाण्यात दाबली जाते. बारीक, भरीव लाकडाचा तो ओंडका फार भार पेलत नाही. तो बुडतो, पाण्याचा सगळा जोर त्याच्यावर येतो आणि आडव्या काठ्यांच्या बांधण्यांवर ताण बसतो.

इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये यावर वेगळा उपाय सापडला. बालीची जुकुंग, पश्चिम सुलावेसीतल्या मांदार लोकांची सांदेक, फिलिपिन्सच्या विसायस बेटांवरची पाराव, या सगळ्यांना दोन्ही बाजूंना उलांड्या असतात. वारा कुठूनही येवो, एक उलांडी पलीकडे असतेच आणि ती तरंगून होडीला टेकू देते. बांबूच्या पोकळ, हलक्या उलांड्या तिथे त्यासाठीच चालतात. होडी नेहमीसारखी वाऱ्यातून वळवता येते, म्हणजे तोंड वाऱ्याकडून फिरवून दुसऱ्या अंगाला घेता येतं, टोकं बदलावी लागत नाहीत. सांदेक तर वेगाच्या बाबतीत कोणाला हार जाणारी नाही. पण मोकळ्या महासागराच्या उंच लाटांत दोन उलांड्या एकाच वेळी दोन वेगळ्या लाटांवर चढतात, मधली होडी पिळवटते, आणि पलीकडची उलांडी लाटेत घुसली की होडीला मागे ओढते. हवाईत एकच उलांडी असते, ती कायम डाव्या बाजूला, आणि होडी मात्र वाऱ्यातून वळवतात. म्हणजे एका दिशेने जाताना उलांडी वाऱ्याकडे असते, दुसऱ्या दिशेने जाताना पलीकडे. कॅरोलाईन आणि त्यांच्या पूर्वेकडच्या मार्शल बेटांनी ही तडजोड मान्य केली नाही.

(दृश्य : होडीघर. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेलं. आत ओंडक्यांवर ठेवलेली होडी.)

आता त्या नियमातून काय काय निघतं ते पाहू. उलांडी एकाच बाजूला आणि तीच बाजू कायम वाऱ्याकडे, म्हणजे होडीला दोन्ही दिशांनी सारखंच धावता आलं पाहिजे. म्हणून दोन्ही टोकं हुबेहूब सारखी.

मात्र दोन बाजू सारख्या नाहीत, आणि या होडीतली सगळ्यात बारकाईची गोष्ट हीच आहे. होडी एका टोकाकडून डोळा लावून पाहा. उलांडीकडची बाजू जास्त फुगीर आहे, पलीकडची सपाट. उलांडी पाण्यात ओढली जात असते, त्यामुळे होडीचं तोंड सतत वाऱ्याकडे वळू पाहतं. शिवाय वारा अख्ख्या होडीला बाजूला ढकलत असतो. फुगीर बाजूवरून पाणी जास्त वेगाने वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि होडी वाऱ्याकडे खेचली जाते. बाजूला वाहत जाणं त्यामुळे कमी होतं. मार्शल बेटांचे कारागीरही हा फुगीरपणा किती आणि कुठे ठेवायचा याबाबत फार काटेकोर असतात. तो जास्त झाला तर होडी सरळ जात नाही, कमी झाला तर वारा तिला वाहवत नेतो.

बुडाचा आकार खोल आणि अरुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. खाली पाणी धरायला वेगळी उभी फळी नाही. ही खोल बाजूच पाण्यात धरून राहते. लांबच्या प्रवासाची होडी साधारण ८ ते ९ मीटर लांब असते आणि तिच्यावर पाच-सहा माणसं जातात.

(दृश्य : वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालतंय. पिवळसर लाकडाच्या ढलप्या उडतात.)

लाकूड नीरफणसाचं. कोकणात ज्याच्या कापा करून खातात, तोच नीरफणस या बेटांवर रोजचं अन्नही देतो आणि होडीही. खोड पाडल्यावर बुडाचा भाग एकाच ओंडक्यातून कोरतात. पूर्वी वाकसाचं पातं मोठ्या शिंपल्याच्या कवचाचं असे, नंतर लोखंड आलं, मूठ आणि कोन मात्र तसेच राहिले. मापाला पट्टी नसते. दोरी किंवा झावळीची पट्टी होडीच्या लांबीइतकी घ्यायची, दुमडून निम्मी करायची, पुन्हा निम्मी करायची. आडव्या काठ्या कुठे येणार, डोलकाठी कुठे उभी राहणार, हे अशा घड्यांवरून ठरतं. प्रत्येक माप त्याच होडीच्या लांबीतून निघत असल्यामुळे ओंडका लहान मिळाला तरी प्रमाण बिघडत नाही.

कोरलेल्या बुडावर बाजूच्या फळ्या चढवतात आणि दोन टोकांना वेगळे घडवलेले तुकडे बसवतात. खिळा एकही नाही. फळीच्या कडेला भोकं पाडून सुंभाने शिवतात. हे सुंभ करायला नारळाची हिरवी सोडणं खाऱ्या पाण्यात मुरवावी लागतात, मग कुटून धागा मोकळा करायचा, धुऊन वाळवायचा, मांडीवर वळायचा आणि त्याची वेणी घालायची. एका होडीला लागणारं सुंभ वळता वळता महिने जातात. शिवणीच्या फटीत काथ्या आणि नीरफणसाचा चीक भरतात. चीक घट्ट होतो, पण दगडासारखा कडक होत नाही, त्यामुळे लाटेवर फळ्या किंचित हलल्या तरी सांधा उकलत नाही.

तरीही पाणी झिरपतं. शिवलेली होडी झिरपणारच, हे धरूनच चालायचं. प्रवासात एक माणूस सतत लाकडी पळ्याने पाणी उपसत असतो, रात्रीसुद्धा. त्याला डुलकी लागली तर साचलेलं पाणी होडीत इकडेतिकडे लोटतं आणि तोल जातो.

उलांडीच्या बांधणीकडे जरा जवळून बघू. होडीतून निघणाऱ्या दोन मुख्य काठ्या थेट ओंडक्यावर टेकत नाहीत. मध्ये दुबेळकं असलेले लाकडी आधार असतात, आणि सगळं सुंभानेच बांधलेलं. ही बांधणी मुद्दाम थोडी लवचीक ठेवतात. लाट होडीला एकीकडे आणि उलांडीला दुसरीकडे उचलते, तेव्हा हा सांधा लवतो आणि झटका पचवतो. इथे लोखंडी बोल्ट घातला, तर तो झटका लाकडाच्या भोकापाशी जमा होतो आणि तिथेच चीर पडू शकते. आता बऱ्याच ठिकाणी नायलॉनची दोरी वापरतात. ती कुजत नाही, हा मोठा फायदा. पण ती गुळगुळीत असल्याने गाठ सरकते, आणि ओढ बसली की लाकडाची कड कापते. सुंभ खरखरीत असतं, ते धरून राहतं.

उलांडीच्या उलट बाजूलाही होडीबाहेर एक छोटा मचाण असतो. त्यावर चटईचं छप्पर घालून झोपायची जागा करतात, खाली सामान : आंबवलेल्या नीरफणसाचा लगदा, शहाळी, कंदमुळं. होडी फार झुकली की हा मचाण पाण्याला लागतो. नाखव्याला ती धोक्याची सूचना असते, शिडाची दोरी तत्काळ सैल करायची.

(दृश्य : शीड उभारलं जातंय. पूर्वीच्या केवड्याच्या पानांच्या चटईऐवजी कापड.)

शीड त्रिकोणी. एक काठी वरच्या कडेला, एक खालच्या कडेला, आणि दोन्ही जिथे मिळतात तो टोकदार कोपरा पुढच्या टोकावरच्या खाचेत बसवलेला. डोलकाठी होडीच्या लांबीच्या मध्यावर उभी असते, पण सरळ नाही, पुढच्या टोकाकडे झुकलेली. तिला धरणाऱ्या ताणदोऱ्या तीन दिशांना जातात : दोन होडीच्या दोन टोकांना, आणि बाकीच्या उलांडीकडे. पलीकडच्या बाजूला एकही ताणदोरी नाही. वारा नेहमी उलांडीकडूनच येणार, तर पलीकडे कशाला? ही काटकसर लक्षात ठेवा, पुढे तिची किंमत कळेल.

(दृश्य : टोक बदलण्याची सगळी क्रिया, आधी पूर्ण वेगात, मग संथ गतीत.)

आता टोक बदलणं. सुकाणूवाला होडी वाऱ्याला आडवी आणतो, वारा सरळ उलांडीवरून येऊ लागतो. शिडाची दोरी पूर्ण सैल सुटते. शीड पलीकडच्या बाजूला मोकळं फडफडतं, होडीचा वेग मरतो. आता ती उलांडी आणि बूड यांच्यावर टेकून, तराफा असल्यासारखी स्थिर पडून असते आणि हळूहळू बाजूला वाहते. जेवढा वेळ इथे जाईल, तेवढी होडी मागे वाहते, म्हणून पुढचं सगळं झटपट.

एक जण शिडाचा पुढचा कोपरा खाचेतून उचलतो आणि दोन्ही काठ्यांचं ओझं सांभाळत, होडीच्या पलीकडच्या काठाने, डोलकाठीच्या बाहेरून, दुसऱ्या टोकाकडे चालत जातो. पायाखाली जेमतेम तळव्याएवढी कड आहे आणि खाली लाट. तो निघताच दुसरा माणूस डोलकाठीची एक ताणदोरी सोडत जातो आणि तिसरा दुसरी ओढत जातो, म्हणजे डोलकाठी जुन्या टोकाकडून नव्या टोकाकडे झुकते. या तिघांची लय जुळली पाहिजे. ताणदोरी आधी सुटली तर डोलकाठी मध्येच लटकते, उशिरा सुटली तर कोपरा नेणाऱ्याच्या हातातलं वजन दुप्पट होतं. कोपरा नव्या खाचेत बसला की शिडाची दोरी नव्या मागच्या टोकाकडे आणतात, सुकाणूचं वल्हं तिकडे जातं, दोरी हळूहळू आवळली जाते आणि होडी चालू लागते. सराव असलेल्या माणसांना या सगळ्याला मिनिटभर लागतो.

घाई इथे नडते ती शेवटच्या टप्प्यात. होडीला वेग यायच्या आत दोरी जोरात आवळली, तर ती पुढे सरकण्याऐवजी नुसती बाजूला ढकलली जाते आणि उलांडी झपकन वर उचलली जाते.

सुकाणूचंही वल्हं दरवेळी लागतंच असं नाही. शिडाची दोरी आवळली की पुढचं टोक वाऱ्याकडे येऊ लागतं, सैल केली की दूर जातं. माणसं पुढे सरकली की पुढचं टोक पाण्यात रुततं आणि होडी वाऱ्याकडे वळते, मागे सरकली की उलट. वारा पाठीमागून असला की मात्र वल्ह्याशिवाय चालत नाही.

आणि वाईटात वाईट काय होऊ शकतं? सुकाणूवाल्याचं लक्ष चुकलं किंवा वाऱ्याने अचानक दिशा बदलली, आणि वारा पलीकडच्या बाजूने शिडावर आला. क्षणात शीड डोलकाठीवर चिकटतं. त्या बाजूला ताणदोरी नाही, हे आपण पाहिलंच. डोलकाठी उलांडीच्या अंगावर कोसळू शकते. ती टिकलीच, तर उलांडी आता चुकीच्या बाजूला आहे, ती बुडते, आणि होडी तिच्यावरून पालथी होते. म्हणून रात्रीच्या सरीत, वादळी ढगाखाली, जिथे वारा कधीही फिरू शकतो, तिथे जाणता नाखवा शीड उतरवून ठेवतो आणि वेळ घालवतो. नुसती पडून राहिलेली ही होडी फार सुरक्षित असते.

(दृश्य : जुनं रेखाचित्र. होडीची एक सपाट आणि एक फुगीर बाजू स्पष्ट दिसते.)

युरोपीय डोळ्यांना ही होडी पहिल्यांदा दिसली मार्च १५२१ मध्ये, मॅगेलनची जहाजं ग्वामला पोहोचली तेव्हा. ग्वाम आणि आसपासच्या मारियाना बेटांवरच्या चामोरो लोकांकडे याच जातीच्या वेगवान होड्या होत्या. मॅगेलनबरोबरच्या अँतोनिओ पिगाफेट्टाने नोंदवून ठेवलं की या होड्यांना पुढचं-मागचं असा फरकच नाही. १७४२ मध्ये इंग्रज नौदलाचा जॉर्ज अँसन मारियानातल्याच टिनियन बेटावर थांबला असताना त्याचा अधिकारी पर्सी ब्रेट याने अशी एक होडी मोजून तिचं रेखाचित्र काढलं. अँसनच्या लोकांनी तिचा वेग ताशी २० मैलांच्या आसपास असल्याचा अंदाज केला. तो प्रत्यक्ष मोजलेला नव्हता, पण त्यांच्या जहाजांना तो स्वप्नातही गाठता आला नसता. स्पॅनिश अमलात चामोरोंच्या समुद्रावर जाणाऱ्या होड्या १८व्या शतकात संपल्या. ते रेखाचित्र आज म्हणूनच मोलाचं आहे. कॅरोलाईन बेटं दूरवर विखुरलेली आणि व्यापाऱ्यांना फारशी उपयोगाची नव्हती, म्हणून तिथे होडी आणि ती घडवणारे हात दोन्ही राहिले. पुढे जर्मन आणि जपानी अमलात बेटाबेटांमधल्या प्रवासांवर बंधनं आली, तरीही ते पुरते थांबले नाहीत.

होडीबरोबर दिशेचं ज्ञानही टिकलं. नाखवा ताऱ्यांच्या उगवत्या आणि मावळत्या जागा ३२ दिशांमध्ये लक्षात ठेवतो. दूरवरून येणाऱ्या लाटांचा रोख तो होडीच्या हेलकाव्यावरून ओळखतो. प्रवासात होडी एका जागी आहे आणि बाजूचं एखादं बेट ताऱ्यांखालून मागे सरकतंय, असं धरून तो अंतर मोजतो. पण हे गणित जमतं ते होडी किती बाजूला वाहते हे माहीत असलं तरच. त्यासाठी तो मागे पाहतो : पाण्यावर उठणारी रेघ आणि होडीची लांबी यांत जेवढा कोन, तेवढं वाहणं. एक बाजू फुगीर ठेवायला कारागिराने घेतलेले कष्ट इथे कामी येतात.

सातावालचे माउ पियाइलुग हे अशाच नाखव्यांपैकी. १९७६ मध्ये त्यांनी होकुलेआ ही दोन बुडांची होडी कोणत्याही उपकरणाशिवाय हवाईहून ताहितीला नेली, एक महिन्याहून थोडा जास्त प्रवास. २००७ मध्ये त्यांनी सातावालवर हवाईच्या शिष्यांना नाखव्याची पारंपरिक दीक्षा दिली. २०१० मध्ये ते गेले. कॅरोलाईन बेटांची होडीबांधणी आणि दिशाज्ञान २०२१ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपायच्या परंपरांच्या यादीत आलं.

(दृश्य : वाऱ्याने उन्मळलेली झाडं. मग किनाऱ्यावर नवी होडी, सुंभाची वेटोळी.)

तातडी खरी आहे. होडीजोगं खोड व्हायला नीरफणसाला कित्येक वर्षं लागतात, आणि चक्रीवादळात खारं पाणी जमिनीत शिरलं की झाड उभ्या उभ्या वाळतं. मोटारची होडी आल्यावर तरुणांना कष्टाचं शिक्षण नको वाटू लागलं, पण दूरच्या बेटांवर पेट्रोल वेळेवर मिळत नाही आणि परवडतही नाही, त्यामुळे शीड पुन्हा कामाचं ठरतंय. मार्शल बेटांत, माजुरोला, एक संस्था मुलामुलींना होडी घडवायला आणि चालवायला शिकवते. तिथे प्लायवूड आणि रेझीनही वापरतात. यात गैर काही नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठं झाड नसेल तर होडीच बांधायची नाही, हा हट्ट परंपरेला मारेल. एक बाजू फुगीर आणि एक सपाट राहिली, उलांडी वाऱ्याकडे राहिली, तर लाकूड कोणतं हा प्रश्न दुय्यम आहे.

नवी होडी पाण्यात उतरते तेव्हा पहिली फेरी बेटाच्या आतल्या शांत पाण्यातच होते. एक माणूस फक्त बांधण्यांकडे पाहत बसतो. नवं सुंभ पहिल्या ताणात सैल पडतंच. होडी मधूनच वाऱ्याकडे ओढ घेत असेल तर उलांडी पाण्यात जास्त ओढली जात नाही ना, हे आधी पाहायचं, मग डोलकाठीचा झुकाव. परत आल्यावर होडी माडाच्या ओंडक्यांवरून वर ओढतात, सैल पडलेली सुंभं सोडतात, उलांडी हवी तेवढी सरकवतात आणि नव्याने, पहिल्यापेक्षा घट्ट बांधतात.